लिनोकटचा ठसा कापडावर नीट का उठत नाही? प्रेस घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कागदावर लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून उठवलेले ठसे, झकास येतात, पण तेच ठसे सुती अभ्र्यांवर उठवले की मधे मधे पांढरं राहतं, बारीक रेघा बुजतात आणि दोन धुण्यांत रंग फिका पडतो. मग ठशावर दाब देणारी छपाईची प्रेस विकत घ्यावी का? प्रेसचं शेवटी सांगते, कारण माझ्या मते तुमचा घोटाळा प्रेसचा नाहीच.

मी एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) करताना लिनो पहिल्यांदा हातात धरला. नंतर बरीच वर्षं सुटला, आणि आता आठ-नऊ वर्षं अभ्रे, पिशव्या, टेबलक्लॉथ घरीच छापते. पहिलं वर्षभर मी तुमच्याच चुका केल्या. कागदाचा ठसा कापडावर चालेल असं धरून बसले होते. कागद सपाट असतो आणि शाई वरच्यावर धरतो. कापडाला उंचसखलपणा असतो, ते रंग पितं, ताणलं की सरकतं. त्यामुळे डिझाइन, कोरणं, खालची बैठक, रंग, दाब हे सगळं थोडं थोडं बदलावं लागतं. शाळेत भेंडीचे ठसे तुम्हीही उठवले असतील. ती भेंडी कापडावर छान उमटते, कारण तिच्यात बारीक असं काही नसतंच.

आधी कापड. नवं सुती कापड खळीसकट येतं. मांजरपाट घ्या, केंब्रिक घ्या, पॉपलिन घ्या, ताग्यावरचं कडक कापड छान दिसतं, पण रंग त्या खळीवर बसतो आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. तुमचा फिकेपणा निम्मा इथला असणार. कापड गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून भिजवा, स्वच्छ धुवा, वाळवा, इस्त्री करा. मऊ करणारं जे द्रावण हल्ली लोक शेवटच्या पाण्यात घालतात ते घालू नका, तेही धाग्यावर थर देतं. यात कापड आटायचं ते आधीच आटून जातं, नाहीतर छापलेला चौकोन धुतल्यावर लांबोडका होतो. माझा एक टेबलक्लॉथ असाच झालाय. तो मी अजून वापरते, पण पाहुणे आले की काढून ठेवते.

सुरुवातीला केंब्रिकसारखं घट्ट विणीचं कापड घ्या. हातमागाची जाडी खादी दिसायला देखणी, पण तिच्या गाठींवर मिलिमीटरभराची रेघ टिकत नाही. मलमलवर रेघ सुरेख येते, मात्र ती ठशाला चिकटून वर उचलली जाते आणि खालपर्यंत झिरपते. टेरिकॉट वगैरे मिश्र कापडाच्या नादी आत्ता लागू नका.

लिनोबद्दल एक सावधगिरी. फरशीवर अंथरायचं ‘लिनोलियम’ म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेक वेळा पीव्हीसी असतं. कोरलं तर ताणतं, कडा फाटतात. खरा लिनो चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मागा. मागच्या बाजूला तागाचं जाड कापड दिसलं आणि वास घेतल्यावर तेलाचा उग्र दर्प आला, की तो खरा. हा वास आपल्या ओळखीचा आहे, जवसाचा. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याचंच तेल हवेत सुकवून घट्ट करायचं, त्यात बुचाच्या (कॉर्कच्या) झाडाच्या सालीचा भुसा मिसळायचा आणि तागावर थापायचा, असा हा पदार्थ फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज माणसाने १८६० च्या दशकात काढला, तोही जमिनीवर अंथरायला म्हणूनच. रंगाच्या डब्यात तेलावर धरलेली रबरासारखी साय पाहून त्याला ते सुचलं म्हणतात. लाकडासारखे रेशे यात नसतात, म्हणून हत्यार कुठल्याही दिशेला वळतं. जुना झाला की तेल आणखी सुकून तो ठिसूळ होतो. दहा मिनिटं उन्हात ठेवा, किंवा वर कागद घालून कोमट इस्त्री फिरवा, लोण्यासारखा कोरला जातो. थंडीत मी हे हटकून करते.

आता कोरण्याचं. तुमच्या बारीक रेघा बुजतात याचं कारण माझ्या अंदाजाने असं, की दोन रेघांमधली जागा तुम्ही कागदाच्या हिशेबाने ठेवली आहे. कापडावर रंग दोन्ही बाजूंनी केसभर पसरतोच. मधली कोरलेली जागा निदान दीड-दोन मिलिमीटर ठेवा आणि खोलही करा. लिनो साधारण तीन मिलिमीटरच जाड, त्यातही मोठ्या मोकळ्या जागा मी तागापर्यंत खरवडून काढते. रेघेच्या कडा आत पोखरू नका, बाहेरच्या बाजूला उतरत्या ठेवा. घाटातल्या रस्त्याच्या भरावासारख्या. आतून पोखरलेली रेघ चार-पाच ठशांनंतर दबून तुटते. हत्यार जिकडे चाललंय तिकडे दुसरा हात ठेवू नका, हे तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होतं. तर्जनीवर तरी दोन टाके आहेत.

मोठे भरीव भाग कापडावर सपाट येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३० साली केलेला काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचा लिनोकट तुम्ही पाहिला असेल. बराचसा काळा, त्यात पांढऱ्या रेघांनी उभी केलेली आकृती. कागदावर तो काळा कसा गच्च बसलाय! तेवढा काळा मांजरपाटावर भरायला गेलात तर ढगाळ आभाळ मिळेल. चित्रकार चित्तप्रसाद मुंबईत राहून लिनोकट करायचे, त्यांची कामं मात्र कापडासाठी बघण्यासारखी आहेत. कष्टकऱ्यांची, पोरांची चित्रं, पण कपड्यावर, जमिनीवर, झाडावर सगळीकडे हत्याराच्या रेघा खेळवलेल्या. कापडाला नेमकं हेच मानवतं. भरीव जागा असेल तिथे थोड्या रेघा, ठिपके कोरून टाका. रंगाला बसायला कडा मिळतात, आणि कुठे कमी उठलं तरी ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

अक्षरं छापायची असतील तर लिनोवर उलटी काढावी लागतात, हे सगळे सांगतात. देवनागरीची अडचण वेगळीच आहे. ‘व’, ‘क’, ‘ब’ यांच्या पोटातली जागा पहिल्यांदा रंगाने भरते. एका लग्नासाठी मी चाळीस पिशव्यांवर ‘शुभविवाह’ छापलं होतं. पहिल्या वीस-बावीस बऱ्या आल्या, पुढे ‘भ’ आणि ‘व’ दोन्ही गोळा व्हायला लागले, आणि माझ्या सासूबाईंनी चष्मा लावून काहीतरी भलतंच वाचलं. तेव्हापासून अक्षरांची पोटं मी वाटतात त्याहून मोठी ठेवते, आणि दर सात-आठ ठशांनी जुन्या टूथब्रशने ठसा पुसून घेते.

माझा आग्रह विचाराल तर मोठं चित्र करूच नका. आठ-दहा सेंटीमीटरचा एक ठसा करा आणि तो कापडभर फिरवा. मोठ्या चित्रात एक डाग पडला की सगळं गेलं. लहान ठसा पन्नास वेळा उठवलात तर त्यातले पाच फिके असले तरी कापड जिवंत दिसतं. ठसा एकमेकाला सलग जुळायला हवा असेल तर त्याची एक जुनी युक्ती आहे. चौकोनी कागदाच्या मधोमध चित्र काढा, कडांना स्पर्श होऊ देऊ नका. कागद उभा कापा आणि डावा-उजवा भाग अदलाबदल करून चिकटवा. मग आडवा कापा, वर-खाली अदलाबदल करा. आता चित्राचे तुकडे कोपऱ्यांत गेले आणि मधे जागा रिकामी झाली. ती भरा. हा चौकोन शेजारी शेजारी ठेवला की कडा आपोआप जुळतात. ओळी सरळ येण्यासाठी मी खडू वापरत नाही. कापडाला घड्या घालून इस्त्री मारते, त्या घडीच्या रेघा पुरतात. दुसरी ओळ अर्ध्या ठशाने सरकवलीत तर थोडी वाकडी झाली तरी डोळ्याला खुपत नाही.

कोरलेला लिनो तसाच वापरू नका. त्याच मापाच्या एमडीएफवर किंवा प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवा, वजनाखाली रात्रभर ठेवा. आकृतीबाहेरचा लिनो कापून टाका, म्हणजे कडेची नको ती रेघ उमटणार नाही. मागे पकडायला लाकडाचा तुकडा आणि ‘वर’ कुठे ते दाखवणारा बाण. बाण नसेल तर पन्नासातला एक ठसा उलटा पडतोच, आणि तो नेमका मधोमध पडतो.

खालची बैठक हा तुमच्या पांढऱ्या राहिलेल्या जागांचा मुख्य गुन्हेगार, असा माझा पक्का संशय आहे. तुम्ही कडक टेबलावर किंवा ओट्यावर छापत असणार. कापडाचे धागे, ठशाचा बारीक उंचसखलपणा, टेबलाचा फुगवटा, हे सगळं सामावून घ्यायला खाली थोडं दबणारं काहीतरी हवं. राजस्थानात बगरू-सांगानेरला लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या छीपा कारागिरांची टेबलं तागाच्या आणि कापडाच्या थरांनी मऊ केलेली असतात. पण त्यांची हुबेहूब नक्कल करू नका, मी ती करून फसले आहे. त्यांचे लाकडी ठसे खोल कोरलेले असतात, म्हणून मऊ गादी चालते. आपली खोली जेमतेम तीन मिलिमीटर. खाली गादी फार झाली तर कापड त्या खड्ड्यांतही शिरतं आणि नको तिथे रंगाचे ओरखडे येतात. जुनं ब्लँकेट दोन पदरी, त्यावर ताणून बसवलेली सुती चादर, एवढं मला पुरतं. बोटाने दाबलं तर किंचित दबावं, बोट रुतू नये. वरचं कापड चारी बाजूंनी टाचण्यांनी त्या बैठकीला टोचून ठेवा.

रंगाकडे येऊ. कागदासाठीची पाण्यात विरघळणारी लिनो शाई कापडावर चालत नाही, ती धुतली की जाते. दुकानात मिळणारे कॅम्लिन, फेव्हिक्रिलचे कापडाचे ॲक्रिलिक रंग चालतात, पण ते ठशावर फार लवकर सुकतात, एप्रिलमध्ये तर दुसऱ्या ठशालाच. पंखा बंद करा, रंगात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब घाला, आणि पाणी घालायचा मोह टाळा. पाणी घातलं की रंग पसरलाच. त्याहून चांगलं आणि स्वस्त म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांच्या सामानाच्या दुकानातून बाइंडर (रंग धाग्याला धरून ठेवणारा) आणि पिगमेंट (नुसता रंग) वेगवेगळं आणणं. शंभर ग्रॅम बाइंडरला पाच ग्रॅम पिगमेंट या प्रमाणाने सुरू करा. गडद हवा म्हणून पिगमेंट ओतत गेलात तर धाग्याला धरून ठेवायला बाइंडर पुरत नाही आणि रंग नुसता घासून निघतो. फिका पडण्याचं उरलेलं कारण हे असू शकतं.

पाण्याचा रंग लिनोवर टिपक्याटिपक्यांनी गोळा होतो, कारण लिनो मुळात तेलाचा. म्हणून कोरण्याआधी त्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, गुळगुळीतपणा गेला की रंग धरतो. पूर्वी कापडासाठीच्या लिनो ठशांवर लोकरीची पूड चिकटवून मखमलीसारखा थर देत असत, म्हणजे तो पातळ रंग शोषून धरील. एवढं करायची गरज नाही. रोलरऐवजी स्पंजच्या बोळ्याने (डबरने) टिपत टिपत रंग लावा. रोलरच वापरायचा तर काचेवर किंवा शहाबादी फरशीच्या तुकड्यावर रंग पातळ लाटा. बरोबर जाडी झाली की रोलर चर्र असा आवाज करतो, चपचप आवाज आला तर रंग जास्त आहे. पहिले तीन-चार ठसे फिके येणारच, तोवर ठसा ‘लागत’ असतो. ते चिंधीवर काढा.

मी स्वतः काळ्या एकरंगी कामाला तेलाची छपाईची शाई वापरते. तीही जवसाच्याच तेलात खललेली. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणजे लिनो जसा बनतो तशीच ही शाई धाग्यात बनते आणि मग निघता निघत नाही. रेघ अतिशय स्वच्छ येते, ठशावर सुकत नाही, दुपारभर निवांत काम होतं. किंमत वेळेने मोजायची. आठ-दहा दिवस दोरीवर टांगून ठेवावं लागतं, पावसाळ्यात आणखी. ठसा पुसायला आधी गोडं तेल, मग साबणाचं ओलं फडकं. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. सुकताना ती गरम होतात, आणि उष्णता आत कोंडली तर आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

ॲक्रिलिक आणि बाइंडरच्या रंगाला उष्णता द्यावीच लागते, नुसतं वाळणं पुरत नाही. एक-दोन दिवस सुकू द्या. मग उलट्या बाजूने किंवा वर पातळ फडकं घालून, वाफ बंद करून, कॉटनच्या खुणेवर इस्त्री फिरवा. एकेका जागेवर मिळून चार-पाच मिनिटं, इस्त्री हलती ठेवून. कारखान्यात यासाठी दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटं भाजतात, आपली इस्त्री ते काम कसंबसं करते, म्हणून कंटाळा करू नका. मी कंटाळा केला होता. एका आत्याबाईंनी माझी पिशवी त्याच रात्री धुतली आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पांढरी साडी मला दाखवायला घेऊन आल्या. इस्त्रीनंतरही आठवडाभर थांबा, मग उलटं करून गार पाण्यात, हातानेच धुवा.

दोन रंग हवे असतील तर दोन ठसे. बगरूकडे बाह्यरेषेच्या ठशाला रेख, भरणीच्या ठशाला दत्ता आणि मागची जमीन भरणाऱ्याला गद म्हणतात, तोच विचार आपल्याला पुरतो. भरणीचा ठसा रेषेपेक्षा किंचित लहान कोरा. गडद कापडावर साधा रंग दिसत नाही, त्याला खादी व्हाइट म्हणून मिळणारी दाट पांढरी पेस्ट लागते. ती कडक बसते, पिशवीला ठीक, उशीला गालाखाली टोचते.

आता प्रेस. नका घेऊ. कागदाची प्रेस लहान असते, अभ्रा तिच्यातून घालायचा म्हणजे सर्कस, आणि ओळीतला दुसरा ठसा पहिल्याच्या बरोबर शेजारी बसवायला डोळ्यासमोर कापड पसरलेलं हवं. कागदाच्या सवयीने चमच्याने घासत असाल तर तेही सोडा, घासलं की कापड सरकतं. ठसा सरळ खाली ठेवा, हलवू नका, मागून मुठीने किंवा रबरी हातोडीने मधोमध आणि चार कोपऱ्यांवर ठोका, सरळ वर उचला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर फॉली कोव्ह नावाच्या जागी व्हर्जिनिया ली बर्टन या चित्रकार बाईंनी शेजारच्या लोकांना डिझाइन शिकवलं, आणि त्यातून बहुतांशी बायकांचा एक गट उभा राहिला. १९६९ पर्यंत तो लिनोचे ठसे कोरून टेबलावरची कापडं, पडदे छापत होता. मेंढ्या, बागा, शेजारपाजार, जे दिसेल ते त्यांच्या ठशांत यायचं. प्रेस त्यांच्याकडेही नंतर आली. आधी काय करायच्या, तर कापड जमिनीवर अंथरायचं, त्यावर ठसा पालथा ठेवायचा आणि त्याच्यावर उभं राहून उड्या मारायच्या.

मीही तेच करते, फक्त उड्या न मारता. जमिनीवर ब्लँकेट, त्यावर अभ्रा, त्यावर ठसा आणि वर मी, आधी टाचांवर, मग चवड्यांवर. दहा सेंटीमीटरच्या ठशाला माझं वजन जास्त होतं, रेघा जाड्या येतात. तिथे माझी अकरा वर्षांची मुलगी उभी राहते. तिचा दर अभ्र्यामागे दहा रुपये आहे, आणि अक्षरांचा ठसा असला तर पंधरा.